घर हरवलेल्यांची चित्रे

हुगळी नदी जेथे बंगालच्या उपसागराला मिळते, तेथे तिच्या पश्चिम तीरावर मेदिनीपूरचा सखल प्रदेश पसरलेला आहे. येथील भूमी इतकी सपाट आहे की, समुद्र आणि शेते ह्यांच्यामध्ये मातीच्या बांधाखेरीज दुसरी मर्यादा नाही. खेड्यांतील घरे मातीच्या भिंतींची आणि भाताच्या पेंढ्याने शाकारलेली असत. अंगणात तुळस, घरामागे तळे, तळ्यात मासे आणि काठावर केळी-नारळी, एवढा संसार ज्याच्यापाशी असे तो स्वतःला सुखी समजत असे.

१६ ऑक्टोबर १९४२ रोजी, ऐन दुर्गापूजेच्या दिवसांत, ह्या प्रदेशावर एक भयंकर चक्रीवादळ येऊन आदळले. वाऱ्याने छपरे उडवून नेली. पाठोपाठ समुद्राच्या प्रचंड लाटा बांध फोडून शेतांत शिरल्या. मातीच्या भिंती पाण्यात कितीशा टिकणार? त्या विरघळून गेल्या. एका रात्रीत सुमारे १४ हजार माणसे आणि जवळजवळ २ लक्ष गुरे मृत्युमुखी पडली. पाणी ओसरले तेव्हा शेतांत उभे असलेले भाताचे पीक खाऱ्या पाण्याने करपून गेले होते, आणि तळ्यांतील पाणी पिण्याजोगे राहिले नव्हते. जे वाचले त्यांना आपले घर नेमके कोठे होते हेही ओळखता येईना.

वादळाने एवढे केले. उरलेले युद्धाने केले, आणि ते करताना त्याने बंगालच्या बहुतेक खेड्यांवर एकही बॉम्ब टाकला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते. मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्याने ब्रह्मदेशाची राजधानी रंगून जिंकली आणि तेथून बंगालमध्ये येणारा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्य आता समुद्रमार्गे बंगालमध्ये उतरेल, अशी धास्ती तेव्हाच्या इंग्रज सरकारला वाटू लागली. शत्रूच्या हाती वाहने पडू नयेत म्हणून, किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांतील दहाहून अधिक माणसे नेऊ शकणाऱ्या नावा काढून घेण्याचा हुकूम सुटला. अशा ४० हजारांहून अधिक नावा जप्त झाल्या किंवा मोडून टाकण्यात आल्या. नद्यांनी आणि खाड्यांनी चिरलेल्या त्या प्रदेशात नाव म्हणजे केवळ वाहन नव्हते. कोळ्याची ती शेती होती आणि कुंभाराचा बाजार होता. नदीतील बेटावर भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याला तीच शेताकडे जाणारी पायवाट होती. नाव गेली, तशी पोटापाण्याची वाट खुंटली. काही ठिकाणी तर विमानतळ आणि लष्करी छावण्या ह्यांसाठी गावेच रिकामी करण्यात आली.

इकडे तांदळाचा भाव कित्येक पटींनी चढला. सैन्यासाठी आणि शहरांतील कारखान्यांसाठी धान्याची खरेदी होत होती. साठेबाजांनी कोठारांना कुलपे घातली होती. मोलमजुरी करणाऱ्याच्या हाती येणाऱ्या पैशांत आता घासभर भातही येईना. तेव्हा घर हळूहळू विकले जाऊ लागले. प्रथम पितळेची भांडी गेली. मग बैल, मग मासे धरण्याची जाळी, मग जमिनीचा तुकडा. सरतेशेवटी दारे, चौकटी आणि छपरावरचे पत्रेही बाजारात आले. ज्याच्या घराचे छप्पर विकले गेले आहे, त्याला घर सोडून जाताना कुलूप लावण्याची गरज उरत नाही. अशी सहस्रावधी कुटुंबे १९४३ च्या उन्हाळ्यापासून कलकत्त्याच्या वाटेला लागली. शहरात ती दारोदार ‘फॅन दाओ’ अशी आर्त हाक देत हिंडत. फॅन म्हणजे भात वेळताना निघणारी पेज. भात मागण्याचा धीर त्यांना होत नव्हता. आपण ओतून देतो ते पाणी ती मागत होती. ह्या दुष्काळात किती माणसे दगावली ह्याविषयी अभ्यासकांचे अंदाज निरनिराळे आहेत. तथापि ती संख्या २० लक्षांहून अधिक होती, असे त्यांपैकी बहुतेक मानतात.

त्या वेळी कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत झैनुल आबेदीन नावाचे एक तरुण शिक्षक होते. त्यांचा जन्म १९१४ साली पूर्व बंगालमधील मैमनसिंग भागात झाला होता. त्यांचे बालपण ब्रह्मपुत्रेच्या सहवासात गेले. नदीचा विस्तीर्ण पट, तीवरील नावा, दूरचा हिरवा काठ ही त्यांच्या आवडीची दृश्ये होती. जलरंगांत काढलेल्या ब्रह्मपुत्रेच्या चित्रांसाठी १९३८ साली त्यांना एका अखिल भारतीय प्रदर्शनात गव्हर्नरांचे सुवर्णपदक मिळाले होते. पाण्यात मिसळलेला रंग ओल्या कागदावर कसा पसरू द्यावा आणि कोठे थांबवावा, हे त्यांना उत्तम साधले होते.

हे सर्व कौशल्य १९४३ साली त्यांनी बाजूला ठेवले. कलकत्त्याच्या रस्त्यांवर त्यांना जी माणसे दिसली, ती त्यांच्याच नदीकाठची होती. ह्या माणसांचे दुःख मोहक रंगांत रंगवणे त्यांना शक्य झाले नाही. वस्तू बांधण्यासाठी वापरतात तसा साधा, पिवळसर कागद त्यांनी घेतला. काळ्या शाईत कुंचला बुडवायचा, त्यातील बरीचशी शाई निपटून टाकायची आणि मग तो जवळजवळ कोरडा कुंचला कागदावरून वेगाने ओढायचा, अशी त्यांची रीत होती. कोरड्या कुंचल्याची रेघ अखंड उमटत नाही. ती मध्येच फाटते, खरखरीत होते. ह्या रेघेने काढलेली बरगडी खरोखरच बरगडीसारखी दिसते.

ह्या चित्रांत मागे देखावा नाही. रस्ता, इमारती, आकाश ह्यांपैकी फारच थोडे दिसते, किंवा काहीच दिसत नाही. एक आई आडवी पडली आहे आणि तिचे मूल तिच्या अंगाशी आहे. एक माणूस कचऱ्याच्या पेटीत वाकून काहीतरी शोधीत आहे. त्याच्या शेजारी कावळाही तेच शोधीत आहे. कावळा अनेक चित्रांत पुन्हा पुन्हा येतो. तो अंगाने भरलेला, सतेज आणि सावध असतो. त्या रेखाटनांत पोट भरलेला असा तोच एकटा दिसतो, हे पाहणाऱ्याच्या ध्यानी येण्यास थोडा वेळ लागतो. पण एकदा आले म्हणजे विसरू म्हटल्याने विसरता येत नाही. मागचा देखावा गाळण्यामागेही अर्थ आहे. घर असलेल्या माणसाचे चित्र काढताना त्याच्या मागे भिंत, दार, झाड, काहीतरी येतेच. ह्या माणसांच्या मागे काही उरलेच नव्हते. म्हणून चित्रकाराने कागद कोरा सोडला.

झैनुल आबेदीन शहरात राहून चित्रे काढीत होते. दुसरा एक चित्रकार ह्याच सुमारास उलट दिशेने निघाला. शहरात आलेली माणसे कोठून आली हे पाहण्यासाठी तो खेड्यांकडे गेला. त्याचे नाव चित्तप्रसाद भट्टाचार्य. १९१५ साली जन्मलेल्या चित्तप्रसादांनी कोणत्याही कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतले नव्हते. नोव्हेंबर १९४३ मध्ये, वादळाला वर्ष उलटून गेल्यावर, ते मेदिनीपूर जिल्ह्यात शिरले आणि गावोगाव पायी फिरले. त्यांच्यापाशी शाई, कागद आणि एक वही होती. ते माणसाचे चित्र काढीत, आणि त्याच्याशी बोलून त्याचे नाव, गाव, व्यवसाय आणि त्याच्यावर गुदरलेला प्रसंगही लिहून घेत.

हे नाव लिहिणे किरकोळ वाटेल. परंतु तसे ते नाही. वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांत ही माणसे ‘निराश्रित’ ह्या एका शब्दात बसवली जात होती. घर गेले, गाव सुटले, की माणसाला त्याच्या नावाने हाक मारणारे शेजारीही नाहीसे होतात. चित्तप्रसादांच्या चित्राखाली त्याचे नाव लिहिले गेले, तेव्हा तो माणूस पुन्हा कोणीतरी झाला. त्यांच्या चित्रांत ओसाड झोपड्या, मोडलेली छपरे, रिकामी अंगणे आणि मृतांची हाडेही येतात. झैनुल आबेदीन ह्यांच्या रेखाटनांशी तुलना करता ही चित्रे अधिक तपशिलाची आहेत. त्यांत कलेचे लाघव कमी, साक्षीदाराची जबानी अधिक, असे कोणी म्हटले तर ते खरेच आहे. चित्तप्रसादांना साक्षच द्यावयाची होती.

ह्या प्रवासाची हकीकत आणि चित्रे ‘भुकेला बंगाल’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने मुंबईत पुस्तकरूपाने छापण्यात आली. तेव्हाच्या सरकारला हे पुस्तक मानवले नाही. दुष्काळाची बातमी बाहेर पसरू नये असा त्याचा प्रयत्न होता. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्राने ऑगस्ट १९४३ मध्ये रस्त्यांवरील उपासमारीची छायाचित्रे छापली, तेव्हाच पुष्कळांना खरी स्थिती कळली होती. चित्तप्रसादांच्या पुस्तकाच्या सुमारे ५ हजार प्रती सरकारने जप्त केल्या आणि त्या जाळून टाकल्या. तथापि एक प्रत चित्रकाराच्या कुटुंबीयांपाशी जपून राहिली. तिच्यावरून २०११ साली हुबेहूब नवी आवृत्ती काढण्यात आली. अडुसष्ट वर्षे एका प्रतीने पाच हजारांचे काम केले.

ह्या चित्रकाराचा पुढे महाराष्ट्राशी निकटचा संबंध आला. १९४६ पासून चित्तप्रसाद मुंबईत राहू लागले आणि अंधेरी येथील एका लहानशा खोलीत त्यांनी आयुष्यातील बराच काळ घालवला. तेथे त्यांनी लिनोकामाची असंख्य चित्रे केली. लिनोलियम हा जवसाचे तेल, बुचाची भुकटी इत्यादिकांपासून केलेला एक चिवट पदार्थ असून तो जमिनीवर अंथरण्यासाठी वापरतात. त्याच्या तुकड्यावर धारदार हत्याराने चित्र कोरतात. जेथे कोरले तेथे खळगा पडतो. मग रुळाने वर शाई फिरवली म्हणजे ती उंच राहिलेल्या भागालाच लागते. त्यावर कागद दाबला की चित्र उमटते. कोरलेला भाग पांढरा आणि राहिलेला भाग काळा. मात्र उमटलेले चित्र आरशातल्यासारखे उलटे येत असल्यामुळे कोरतानाच त्याचा विचार करावा लागतो. ह्या पद्धतीत खर्च अल्प येतो आणि एका ठशावरून अनेक प्रती काढता येतात. ज्याच्या पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या होत्या त्या माणसाला ही पद्धत आवडावी, ह्यात नवल नाही.

१९५१-५२ च्या सुमारास त्यांनी लहान मुलांवर एक चित्रमाला कोरली. तिच्यातील मुले पदपथावर झोपतात, ओझी वाहतात, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन उभी राहतात. ह्या मालेच्या नावाचा अर्थ ‘परीकथांवाचून राहिलेले देवदूत’ असा आहे. १९६९ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालकनिधीच्या डेन्मार्कमधील समितीने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. चित्तप्रसादांना मुलांचा लळा होता. कळसूत्री बाहुल्या करून ते वस्तीतील मुलांसाठी खेळ करीत. ह्या बाहुल्यांच्या नाट्यगृहाचे नाव त्यांनी ‘खेलाघर’ असे ठेवले होते. त्यांच्या मुलांच्या चित्रांत करुणा आहे, पण केविलवाणेपणा नाही. ती मुले पाहणाऱ्याकडे सरळ बघतात.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. समोर माणूस भुकेने तळमळत असता चित्रकाराने कागद पुढे ओढून रेघा माराव्यात, हे योग्य आहे काय? त्याने आधी पसाभर तांदूळ आणून द्यावयास नको काय? हा आक्षेप खोटा नाही. चित्राने कोणाचीही भूक भागत नाही, आणि उडालेले छप्पर चित्राने पुन्हा घरावर येत नाही. परंतु मूठभर तांदळाने एका माणसाचा एक दिवस निभावतो. दुष्काळ मात्र लपवून ठेवला तर तो लक्षावधी माणसांना गिळून जातो. जे लपवले जात होते ते उघड करणे, हे त्या वेळी तांदळाइतकेच तातडीचे काम होते. झैनुल आबेदीन ह्यांची रेखाटने १९४४ साली कलकत्त्यात प्रदर्शनात मांडली गेली आणि त्यांनी असंख्य लोकांना अस्वस्थ केले. शिवाय ही दोन्ही माणसे काही सुरक्षित अंतरावरून तमाशा पाहणारी नव्हती. ज्यांची चित्रे ते काढीत, ती त्यांच्याच मुलखातील, त्यांचीच भाषा बोलणारी माणसे होती. एवढे म्हटल्यानंतरही त्या प्रश्नाची बोच पूर्णपणे जात नाही. ती चित्रकारांच्या मनांतूनही गेलेली नसावी.

दोघांनीही काळ्या-पांढऱ्याचाच आश्रय केला, ह्यावरून एका जगप्रसिद्ध चित्राची आठवण होते. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधील यादवी युद्धात गेर्निका ह्या गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्बवर्षाव केला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत पाब्लो पिकासो ह्यांनी त्या गावाच्याच नावाचे एक भव्य चित्र रंगवले. ते जवळजवळ पावणेआठ मीटर लांब आहे आणि त्यात काळा, पांढरा आणि करडा ह्यांखेरीज रंग नाही. विमान किंवा बॉम्ब त्यात कोठेही दाखवलेला नाही. आहे तो जळत्या घरातून हात वर फेकणारा जीव, मेलेले मूल घेऊन आक्रोश करणारी आई आणि वेदनेने किंचाळणारा घोडा. पुढे ह्या चित्रावरच परागंदा होण्याची पाळी आली. स्पेनमध्ये लोकांचे स्वातंत्र्य परत येईपर्यंत ते तेथे जाऊ नये, अशी पिकासो ह्यांची इच्छा होती. म्हणून अनेक वर्षे ते न्यूयॉर्कमध्ये राहिले आणि १९८१ साली, चित्रकाराच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, स्पेनमध्ये पोहोचले.

बंगालकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण ह्या दोन चित्रकारांचा एक धागा पुढे जातो. चितगाव जिल्ह्यातील सोमनाथ होर हा मुलगा १९४२ साली एकवीस वर्षांचा होता. बंगालच्या ज्या मोजक्या भागांवर जपानी विमानांनी प्रत्यक्ष बॉम्ब टाकले, त्यांत चितगाव होते. त्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालेले खेडे त्याने पाहिले आणि त्याच्या हातून चित्रे निघू लागली. चित्तप्रसाद तेव्हा चितगावात काम करीत होते. भुकेल्या आणि आजारी माणसांची चित्रे प्रत्यक्ष त्यांच्यासमोर बसून कशी काढावी, हे त्यांनी ह्या मुलाला शिकवले. पुढे कलकत्त्याच्या कलाशाळेत त्याला झैनुल आबेदीन हे शिक्षक म्हणून लाभले. एका विद्यार्थ्याला असे दोन गुरू मिळावेत हा योग विलक्षण खरा; पण तो ज्या काळाने घडवून आणला, तो काळ कोणीही मागून घेतला नसता.

सोमनाथ होर मोठे झाले, शांतिनिकेतनात कलेचे अध्यापक झाले, तरी त्या खेड्याची आणि त्या दुष्काळाची आठवण त्यांना सोडीना. १९७० नंतर त्यांनी ‘जखमा’ ह्या नावाची एक चित्रमाला केली. तीत माणूस नाही, घर नाही. रंगही जवळजवळ नाही. ते मातीचा सपाट थर घेत आणि त्यावर सुरीने किंवा तापलेल्या सळईने ओरखडे काढीत. मग त्याचा साचा बनवीत आणि त्या साच्यात कागदाचा ओला लगदा दाबून भरीत. लगदा वाळून निघाला म्हणजे पांढऱ्या कागदावर पांढरेच व्रण उठलेले दिसत. दूरून पाहिले तर कागद कोरा वाटतो. जवळ गेल्यावर, प्रकाश बाजूने पडला म्हणजे, कोठे चिरलेले, कोठे भाजलेले, कोठे टाके घातल्यासारखे दिसू लागते. बालवयीन वाचकांना अशी चित्रे पहिल्या भेटीत कदाचित रुचणार नाहीत. मोठ्यांनाही ती सहजासहजी रुचत नाहीत. परंतु गुडघ्यावरील जुना व्रण ज्याने बोटाने चाचपला आहे, त्याला ती समजण्यास पंडिताची मदत नको. सोमनाथ होर २००६ साली निवर्तले.

झैनुल आबेदीन ह्यांच्या स्वतःच्या आयुष्यातही स्थलांतर आले. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि ते कलकत्ता सोडून ढाक्यास गेले. तेथे १९४८ साली त्यांनी कलाशाळा स्थापिली. लोक त्यांना आदराने ‘शिल्पाचार्य’ म्हणू लागले. १९७० साली त्यांनी ‘नवान्न’ नावाचे साठ फुटांहून लांब असे गुंडाळपट्टीचे चित्र काढले. नवान्न म्हणजे नव्या भाताचा सण. पट्टीच्या एका टोकाला भरलेले खेडे आहे. जसजशी ती उलगडावी, तसतशी समृद्धी ओसरत जाते आणि गाव सोडून निघालेली माणसे दिसू लागतात. १९४३ साली त्यांनी प्रवासाचा शेवट रेखाटला होता. आता सत्तावीस वर्षांनी त्याचा आरंभही त्यांनी कागदावर आणला.

त्याच वर्षी, १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री, पूर्व बंगालच्या किनाऱ्यावर मेदिनीपूरच्या वादळापेक्षा कितीतरी पटींनी संहारक असे चक्रीवादळ आले. सुमारे ३ ते ५ लक्ष माणसे त्यात बळी पडली. मेघना नदीच्या मुखाशी मनपुरा नावाचे बेट आहे. त्याची तर दुर्दशा झाली. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेले झैनुल आबेदीन मदत घेऊन जाणाऱ्यांबरोबर तेथे गेले. त्या भेटीतून ‘मनपुरा’ हे सुमारे ३० फूट लांबीचे दुसरे पट्टीचित्र जन्मास आले. काळी शाई, जलरंग आणि मेण ह्यांनी केलेल्या ह्या चित्रात लाटांनी एकत्र लोटलेली प्रेते आहेत. माणसे आणि गुरे एकमेकांत मिसळून गेली आहेत. चित्र चौकटीत बसत नाही, कारण एका दृष्टिक्षेपात ते संपत नाही. पाहणाऱ्याला त्याच्या कडेने चालत जावे लागते. झैनुल आबेदीन १९७६ साली वारले.

लांब पट्टी उलगडीत गोष्ट सांगण्याची ही रीत काही त्यांनी नव्याने शोधलेली नव्हती. बंगालमधील पटुआ लोक शतकानुशतके हेच करीत आले आहेत. कापडाचा अस्तर दिलेली कागदाची गुंडाळी खांद्यावर घेऊन ते गावोगाव जातात, ती दारात उलगडतात आणि एकेका चित्रावर बोट ठेवीत त्याचे गाणे गातात. रामायणातील प्रसंग, मनसादेवीची कथा, पिरांच्या कहाण्या हे त्यांचे नेहमीचे विषय असले, तरी ताज्या घडामोडींनाही त्यांच्या पटावर मज्जाव नाही. मेदिनीपूरच्याच भागात नया नावाचे गाव आहे. तेथे आजही पटुआंची वस्ती आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामीच्या लाटा उसळल्या आणि अनेक देशांचे किनारे उद्ध्वस्त झाले, तेव्हा नयाच्या पटुआंनी त्यावरही पट रंगवले. त्यांतील कित्येक पटांवर समुद्र हा राक्षसाच्या चेहऱ्याने येतो. त्याचे डोळे मोठे, तोंड उघडे. आणि निळ्या वळणदार लाटांत घरे, झाडे, गुरे, माणसे गरगर फिरत आहेत. त्सुनामीच्या गाण्यात पटुआ गेलेल्यांसाठी शोक करतो. गाणे संपले म्हणजे तो पट खालून वर गुंडाळतो, घरधनिणीने दिलेले तांदूळ झोळीत घालतो आणि पुढच्या दाराकडे जातो.